आलं छान उतरलंय

४ जानेवारी, सकाळी ७.१०

आजपासून प्रयोग सुरू. माळ्यावर मुलीच्या कॉलेजातली प्रयोगवही सापडली, निम्मी कोरी. उजवीकडे रेघा, डावीकडे आकृतीसाठी पांढरं पान, मथळे छापलेलेच. मथळे छापून मिळाले की अर्धं काम झालं.

उद्देश: ताज्या आल्यातल्या जैवसक्रिय घटकांचा एका प्रौढ पुरुषाच्या (वय ७४, तेवढं दिसत नाही) प्रकृतीवर होणारा परिणाम साठ दिवस तपासणे.

साहित्य: आलं, चहा, मी.

कृती: रोज दोन कप. दर कपात पाच ग्रॅम आलं, किसून.

सहायक: ही. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, ट्रेनिंग अजून चालू आहे.

निरीक्षण: घशात ठसका, कानशिलं गरम. सुवास उत्तम. आलं छान उतरलंय.

अनुमान: साठाव्या दिवशी.

५ जानेवारी

कारखान्याचं पत्र पुन्हा वाचलं. सातव्यांदा. सही चष्मेवालीची. ही पोर ट्रेनी म्हणून आली तेव्हा तिला आल्याचा वास आणि ओल्या पोत्याचा वास यातला फरक मी शिकवला. आज ती लॅबची प्रमुख. पत्रात ‘आदरणीय काका’. आदरणीय म्हटलं की पुढे काहीतरी काढून घेणार, हे मी ओळखून आहे.

मुद्दा असा. आल्याचा अर्क काढणारा आमचा कारखाना. त्यात वासाचं टेबल. उत्तरेच्या खिडकीशी निवृत्त होईपर्यंत छत्तीस वर्षं मी बसलो. माल आला की अकरा कप समोर, आणि मी सांगणार ते शेवटचं. लोक साहेबांना विचारत नसत, ‘नाकाला विचारा’ म्हणत. नाक म्हणजे मी. माझं खरं नाव पगारपत्रकात होतं, तेवढंच.

आता पेटीएवढं मशीन आणलंय. ते आल्यातलं तिखट, म्हणजे जिंजेरॉल, मोजून कागद बाहेर टाकतं. टेबल बंद करणार. मी तीन पत्रं लिहिली, तेव्हा कुठे हे उत्तर: ६ मार्च, सकाळी अकरा, तीन कपांची चाचणी, दहा फेऱ्या. दहापैकी आठ बरोबर आल्या तर टेबल राहील आणि आठवड्यातून दोन दिवस मला खुर्चीही मिळेल. नाही तर टेबल अडगळीत.

दहापैकी आठ! मी दहापैकी अकरा काढले असते. त्या दिवशी जाताना हातात ही वहीही असणार. पेटीला माझ्यासारखे दुखरे गुडघे आहेत का? तिला काय कळणार आलं अंगात कसं भिनतं ते!

८ जानेवारी

हिला शास्त्र समजावलं. ओल्या आल्यात जिंजेरॉल. आलं वाळलं की त्यातून पाण्याचा एकेक रेणू निघून जातो आणि त्याचं शोगाओल होतं, कितीतरी जास्त तिखट. शिजवलं की झिंजेरोन, मवाळ, जरा गोडसर. म्हणजे सुंठ ही आल्याची म्हातारपणीची अवस्था, आणि ती तरुणपणापेक्षा जहाल.

ही म्हणाली, आणि उकळतं पाणी ओतलं की माणूस मवाळ होतो ना, मग आंघोळीच्या वेळी बघते करून.

सहायकाची वृत्ती शास्त्रीय नाही. तरी दोन ओळी सुचल्या:

ओले होते तोवर होते साधे भोळे अंग,
सुकता सुकता सुंठ जाहले, आता दावी रंग!

शाळेत आमचे मराठीचे मास्तर छडीने बाकावर ताल धरायचे आणि आम्ही साठ पोरं एका सुरात कविता म्हणायचो. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. त्या सुरात मी माझ्या ओळी दोनदा म्हटल्या. काच थरथरली नाही. हल्ली काचा जाड असतात.

९ जानेवारी, दुपारी

क्षुल्लक प्रकार. ही बाहेर गेली होती, दुधावर मला ठेवलं होतं. मी शेजारच्या खोलीत वही लिहीत होतो. शेजारीण दार वाजवून आत शिरली, नाकाला पदर लावून. दूध आटून पातेलं काळं झालं होतं. म्हणाली, अहो काका, अख्ख्या जिन्यात वास पसरलाय, तुम्ही इथे बसून काय करताय?

मी सांगितलं, एकाग्रता.

ऑक्टोबरात आठ दिवस ताप होता. तेव्हापासून नाक जरा विश्रांती घेतंय. गवयाचा गळा बसतो, तसं. म्हणून गवई संपतो का? ही घरात कुणापाशी बोलायची गोष्ट नाही. खरं तर वहीतही नाही.

१३ जानेवारी

चहाची पद्धत पक्की केली. आमच्या टेबलाचा पहिला नियम: चाखणाऱ्याने कप भरायचा नाही आणि भरताना बघायचा नाही. डोळा नाकाला फितवतो. म्हणून ही चहा करते तेव्हा मी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसतो. आत पाऊलही टाकत नाही.

ही म्हणाली, त्यात नवीन काय केलंत? सेहेचाळीस वर्षं तेच चाललंय.

१७ जानेवारी

निरीक्षण: दात घासताना हिरड्यांतून रक्त. दंडावर जांभळा डाग, दारही लागलं नव्हतं. रक्ताभिसरण जोरात सुरू झाल्याची खूण. आलं बोलू लागलं.

ही म्हणाली, आलं नाही, गोळी बोलतेय. हृदयाची एक झडप बदलली तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी घेतो, तिच्याबद्दल. हिला प्रत्येक गोष्टीत गोळी दिसते.

२० जानेवारी

हिने धरून डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, फारच पातळ झालंय. काही नवीन सुरू केलंय का? मी वही उघडून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, काका, जेवणातलं आलं वेगळं आणि हे दोन-दोन डोस वेगळे. सगळ्यांना बाधतं असं नाही, पण तुमच्या गोळीबरोबर मला जोखीम नको. बंद करा.

म्हणजे आल्याचा परिणाम होतो, हे डॉक्टरांनी स्वतः मान्य केलं! साक्षीदार म्हणून ही होती. घरी येईपर्यंत मी आनंदात. ही बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती.

२१ जानेवारी

निर्णय: मात्रा वाढवायची. पाचाऐवजी दहा ग्रॅम. कुठलाही मोठा शोध डॉक्टरांना विचारून लागलेला नाही.

हिला सांगितलं. वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेईल. फक्त म्हणाली, ६ मार्चपर्यंत ऐकणारच नाही का तुम्ही? मी म्हटलं, टेबलाचा प्रश्न आहे. म्हणाली, बरं, करते.

सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विज्ञान जिंकलं.

२२ जानेवारी, सकाळी ७.२०

दहा ग्रॅमचा पहिला कप. ही कप देऊन गेली नाही, दारात उभी राहिली. एरवी कप आदळून निघून जाते. आज माझ्या तोंडाकडे बघत. मी डोळे मिटून दोन्ही हातांत कप धरला, वाफ ओढली, घोट जिभेवर फिरवला, अगदी टेबलावर करायचो तसं. ठसका नेमका. म्हटलं, वा! आज आलं छान उतरलंय.

ही आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

कौतुकाची सवय नसते बायकांना. आपणही करत नाही. यापुढे रोज करायचं ठरवलं.

२७ जानेवारी

निरीक्षण: डावा गुडघा निम्म्याने बरा. जिना न थांबता दोन मजले. हिरड्यांतलं रक्त बंद. डाग फिका. मात्रा दुप्पट केल्यावर रक्त थांबलं, हे डॉक्टरांना कधी सुचलं असतं?

हिचं कौतुक केलं. आलं छान उतरलंय. ही म्हणाली, रोज रोज नका हो सांगू.

विनय.

१ फेब्रुवारी

स्मरणशक्ती! सातवीतली चौदा ओळींची कविता सकाळी आंघोळ करताना सबंध आठवली. त्यातली एक ओळ मास्तरांनी माझ्याकडून वर्गापुढे तीनदा म्हणून घेतली होती, कारण माझ्या आवाजात ‘पाऊस पडतो’ म्हणे. त्या वर्गाचा वास अजून आठवतो. ओला खडू, शाईची दौत, मागच्या बाकावरचा रबराचा बूट. वास आठवतो म्हणजे नाक शाबूत आहे. साधं तर्कशास्त्र.

१० फेब्रुवारी

पुन्हा रक्ततपासणी. अगदी हवं तितकं! डॉक्टर खूश. मी त्यांना दहा ग्रॅमचं गुपित सांगणार, तेवढ्यात हिने माझा पाय दाबला. डॉक्टर हिच्याकडे बघून म्हणाले, शाबास, असंच चालू ठेवा. माझ्याकडे न बघता हिला शाबासकी! नमुना तयार करणाऱ्याला श्रेय आणि चाखणारा उपेक्षित, हे मी कारखान्यातही भोगलंय. निरोपाला मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. छत्तीस वर्षं ज्याने वासावरून सांगितलं की भट्टीत आलं किती वेळ आहे, त्याला घड्याळ.

१२ फेब्रुवारी, रविवार

मुलगी आली होती. तिला आकडे वाचून दाखवले: रक्त ठीक, गुडघा ठीक, हिवाळ्यातला खोकला आलाच नाही. ती हसायला लागली. म्हणाली, आई, सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो हाच का गं? आणि दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. मग मुलगी आईचा हात धरून बसली.

मी म्हटलं, सुंठ नव्हे, ओलं आलं. सुंठीत शोगाओल असतं. मुलगी विज्ञान शिकली, पण म्हणीच्या पलीकडे गेली नाही.

१५ फेब्रुवारी

आज टोपलीकडे लक्ष गेलं. खिडकीच्या कट्ट्यावर आल्याची टोपली, त्यातल्या मोठ्या गड्ड्याला बोटभर हिरवा कोंब. जानेवारीत मीच निवडून आणलेला हा गड्डा. तीन बोटांचा, अंगठा बाहेर काढल्यासारखा, म्हणून लक्षात आहे. अजून तसाच. मनुष्य खातो तरी सृष्टी संपत नाही. डोळे भरून आले.

काळोखातच बसून ज्याने जपले हिरवे डोळे,
त्या कंदातुन उठून आले कोंब कोवळे, भोळे.

हिला वाचून दाखवली. म्हणाली, चांगली आहे. मग म्हणाली, एवढं बघितलंत, तर आणखी काही नाही का हो दिसलं टोपलीत? मी पुन्हा नीट पाहिलं. लिंबू होतं एक, सुकलेलं. तसं सांगितलं.

१९ फेब्रुवारी

भट्टीवाला आला होता. वाळवणाची भट्टी सांभाळायचा, माझ्याच वर्षी निवृत्त. आल्या आल्या म्हणाला, काय रे नाक, अजून नाकाने कांदे सोलतोस का?

चहा आला. एक घोट घेऊन हा मोठ्याने म्हणतो, वहिनी, आज मिरी घातलीत वाटतं! मस्त!

मी हसलो. म्हटलं, बाबा रे, आलं आहे, दहा ग्रॅम. तो म्हणाला, आलं? यात? तेवढ्यात हिने त्याला डबा काढायला आत बोलावलं. वरचा डबा, हात पुरत नाही म्हणे. डबा काढायला पाच मिनिटं लागली. बाहेर आला तो वेगळाच. माझ्या शेजारी बसला, कप संपवला आणि म्हणाला, हो रे, आलंच आहे. छान उतरलंय.

तीस वर्षं भट्टीशेजारी उभं राहून बिचाऱ्याची जीभ पार करपली. आल्याला मिरी म्हणतो. आम्ही सगळे म्हातारे होतोय, पण काही जण जरा लवकर. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ६ तारखेला नाही गेलास तर नाही का चालणार? टेबल म्हणजे शेवटी लाकूडच. मी म्हटलं, तुझी भट्टी विझली म्हणून माझं टेबल मोडू का?

बोलायला नको होतं. पण त्यानेच सुरुवात केली.

२६ फेब्रुवारी, रविवार

मुलीने चार छोट्या बाटल्या आणल्या. कॉफी, लिंबू, लवंग, निलगिरी. लेबलं लावलेली. म्हणे, तापानंतर पुष्कळांचं असं होतं, बाबा. रोज दोनदा हुंगायचं, हळूहळू येतं परत. नाकाच्या डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवलीय.

मी विचारलं, काय येतं परत? ती म्हणाली, बाबा, प्लीज. मी म्हटलं, ज्या माणसाने डोळे झाकून आलं कुठल्या शेतातलं ते सांगितलं, त्याला तू लवंग ओळखायला लावतेस? आईनेच तुझे कान भरले असणार.

ही आतून म्हणाली, माझं नाव नका घेऊ, मी काही बोलले नाही, बोलायला पाहिजे होतं.

मुलगी न जेवता गेली. बाटल्या टेबलाच्या खणात टाकल्या. झाकणंही उघडली नाहीत. नापास व्हायची भीती? मला?

४ मार्च, सकाळी ७.१५

साठावा दिवस. प्रयोग संपन्न.

अनुमान: ताज्या आल्यातील जिंजेरॉल व त्याची भावंडं यांच्या नियमित सेवनाने (१) रक्त योग्य प्रमाणात राहते, (२) सांधे सुटतात, (३) खोकला येत नाही, (४) स्मृती तल्लख होते, (५) पत्नीचा स्वभाव सुधारतो. हे सर्व कोणतीही पेटी सांगू शकणार नाही.

शेवटचा कप. आलं छान उतरलंय. हिला म्हटलं, या शोधात तुझाही वाटा आहे. ही खुर्चीवर बसली आणि म्हणाली, परवा नका जाऊ. मी हात जोडते. मी म्हटलं, अगं, तुझ्या चहानेच तर तयारी झालीय माझी.

ही उठून गेली.

६ मार्च, संध्याकाळी ५.००

थकलो आहे. नोंद करणं भाग आहे.

परिस्थिती अत्यंत प्रतिकूल होती, ती आधी लिहितो. (१) उत्तरेची खिडकी बंद, मशीनला धूळ चालत नाही म्हणून. (२) कप कागदाचे. आमचे पांढरे चिनी मातीचे होते. (३) खुर्ची फिरती. फिरत्या खुर्चीत मन स्थिर कसं राहणार? (४) दोन नवीन मुली वही घेऊन उभ्या. बघे.

(५) चष्मेवालीने सेंट लावलं होतं. तिसऱ्या फेरीनंतर मी तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, तुमच्या सेंटने माझा गोंधळ होतोय. ती आपल्या मनगटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, काका, टेबलाच्या दिवशी साबणसुद्धा बिनवासाचा वापरायचा, हे तुम्हीच शिकवलंत. मी अजून तसंच करते.

ते सेंट नसेल. खोलीतलं काहीतरी असेल.

दर फेरीत तीन कप, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. मी प्रत्येक कपाबद्दल बोललो. हा डोंगरउतारावरचा, हा लवकर खणलेला, हा पोत्यात भिजलेला. मुली लिहून घेत होत्या. माझा आवाज चांगला लागला होता.

दहाव्या फेरीत मधला कप उचलला आणि आनंद झाला. म्हटलं, हा! हाच अस्सल. दहा ग्रॅम, ताजं, किसून. घरी रोज हाच घेतो.

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. म्हणाली, काका, ते मिरीचं पाणी आहे.

मिरीचं पाणी. हा सापळा माझाच. वीस वर्षांपूर्वी ट्रेनींसाठी मीच काढला होता. ठसका जिभेला आणि घशाला लागतो, त्याला नाक लागत नाही. ज्याचं नाक चालत नाही तो ठसक्यावर जातो आणि मिरीला आलं म्हणतो. तिलाही मी पहिल्या आठवड्यात असाच लावला होता. तिने ओळखला होता.

दहापैकी तीन. मी म्हटलं, तीन तर आले ना. ती म्हणाली, काका, डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीन येतात. टोचून नाही म्हणाली. टोचून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

वही दिली. तिने उभ्यानेच पानं चाळली. म्हणाली, निरीक्षणं फार सुंदर लिहिलीत, पण कंट्रोल कुठाय? आल्याशिवायचा चहा घेऊन काही दिवस पाहिलं का? मी म्हटलं, आल्याशिवाय चहा मी एक दिवसही घेतलेला नाही. तिने वही परत दिली, दोन्ही हातांनी.

गेटपर्यंत सोडायला आली. म्हणाली, येत जा ना काका कधीतरी, मुलींना जुन्या गोष्टी सांगायला. मी बसची वेळ झाली म्हणालो. बसला चाळीस मिनिटं होती.

मागे टेबल उचलताना पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. कदाचित दुसरं काही असेल.

कारखान्याच्या मिरीत भेसळ असण्याची शक्यता आहे. मिरीत आल्याची. चौकशी व्हायला हवी.

७ मार्च, सकाळी ११.००

सकाळी पाठ केली नाही. खुर्ची फिरवून स्वयंपाकघराकडे तोंड करून बसलो. हिने पाहिलं. पातेलं ठेवलं, पाणी, साखर, पत्ती. मग फळीवरची छोटी कुपी काढली आणि चिमटीने काहीतरी टाकलं. काळं. टोपली कट्ट्यावर तशीच. कोंब आता वीतभर झालाय.

मी विचारलं, कधीपासून?

म्हणाली, डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आलं घातलं. तुम्ही दहा ग्रॅम म्हणालात आणि मला घाम फुटला. बावीस तारखेपासून एक कण घातला नाही.

मी म्हटलं, मला फसवलंस. ही म्हणाली, हो, फसवलं. रक्त वाहून मरू द्यायला हवं होतं का? तुम्ही ऐकता का कुणाचं?

मी म्हटलं, वर मिरी घालून! ही म्हणाली, मिरी दुसऱ्या घोटाला पकडली जाईल म्हणून घातली होती.

समजलं नाही. मग ही गॅस बंद करून बाहेर आली, पदराने हात पुसत, आणि म्हणाली, अहो, मला वाटलं होतं तुम्ही ओळखाल. त्या दिवशी मी दारात उभी होते ना, ती त्यासाठीच. म्हटलं, आता कप आदळतील, ओरडतील, म्हणतील, आलं कुठाय? मग मी भांडले असते. चांगलं कडकडून भांडले असते. आणि तुम्ही म्हणालात, आलं छान उतरलंय.

मग म्हणाली, पातेलं करपलं तेव्हापासून शंका होती. त्या दिवशी खात्री झाली. मुलीला मी सांगितलं नव्हतं हो, तिचं तिने ओळखलं. भट्टीवाल्या भाऊजींनी एका घोटात ओळखलं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? सहाच्या आधी का नाही?

म्हणाली, रोज सकाळी वही घेऊन बसायचात तुम्ही. कुठल्या तोंडाने सांगू?

हिशोब केला. अठरा दिवस आलं, बेचाळीस दिवस नुसती मिरी. म्हणजे कंट्रोल होता. चष्मेवालीला कळवायला हवं. गुडघा बरा झाला तो बेचाळीसात. खोकला गेला तो बेचाळीसात. सातवीतली कविता आठवली तीही बेचाळीसात.

कळवणार नाही.

८ मार्च, सकाळी ७.३०

खण उघडला. चारही बाटल्यांची झाकणं काढली. लिंबाचं लेबल वाचून हुंगलं, लिंबू आल्यासारखं वाटलं. निलगिरीने डोळ्यांत जरा झोंबलं. मग लेबलं मुठीत झाकून, बाटल्या उलटसुलट फिरवून पुन्हा हुंगल्या.

पुन्हा हुंगल्या.

ही चहा घेऊन आली. आज समोर बसली, आपला कपही घेऊन. विचारलं, मुलीला फोन करू का? नाकाच्या डॉक्टरांची वेळ अजून आहे म्हणाली होती. मी मान हलवली. कोणत्या अर्थाने ते तिने विचारलं नाही, फोन घेऊन आत गेली.

कपात आज मिरी नाही. आलंही नसणार. सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

निरीक्षण: चहा गरम होता.